एका खोलीचे राजकारण : पॅट्रिक गेडिस आणि मुंबईच्या बीडीडी चाळी

१/ समाजमाध्यमांवर इतिहासाच्या नावाने एक विधान सतत फिरत असते : इंग्रजांनी बांधलेल्या बीडीडी चाळी शंभर वर्षे उभ्या राहिल्या, आपले पूल मात्र दहा वर्षांत कोसळतात. टाळ्या मिळवायला हे वाक्य पुरेसे आहे. इतिहास म्हणून ते लंगडे आहे. भिंत किती वर्षे टिकली हा अभियंत्याचा प्रश्न झाला. त्या भिंतीआड माणसाला किती जागा दिली, कोणी दिली आणि तेवढीच का दिली, हे विचारणे इतिहासाचे काम. हा थ्रेड त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

२/ प्रतिपाद्य आधीच मांडून ठेवणे बरे. मुंबईच्या कामगाराच्या वाट्याला एकच खोली आली ती राज्यकर्त्यांच्या अज्ञानामुळे आली नाही. तिजोरीतील खडखडाट हे कारणही अपुरे आहे. ती समजून-उमजून केलेली निवड होती. या आरोपाचा पुरावा स्कॉटलंडमध्ये सापडतो आणि त्याचा साक्षीदार एक स्कॉट गृहस्थ आहे, जो नेमक्या त्याच वर्षांत मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होता. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

३/ मुंबईतील स्कॉट म्हटले की आपल्याला आठवतात जॉर्ज विटेट. १८७८ साली ब्लेअर अॅथोल येथे जन्मलेला हा वास्तुविशारद मुंबईचा झाला आणि १९२६ मध्ये मुंबईतच वारला. गेटवे ऑफ इंडिया त्यांचे. आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्यांचे. केईएम रुग्णालयाची वास्तूही त्यांचीच. त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु कमानीखालून व्हाइसरॉय येतात आणि जातात. शहर मात्र खोल्यांत राहते. त्या खोल्यांचा विचार ज्याने आयुष्यभर केला, त्या स्कॉटविषयी आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात जवळजवळ शांतता आहे.

४/ गेडिस यांचा जन्म १८५४ मध्ये बॅलेटर येथे झाला. ते वास्तुविशारद नव्हते. त्यांनी कधी पदवीही घेतली नाही. लंडनमध्ये टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोच्या अभ्यासदौऱ्यावर असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकावरील काम कायमचे अवघड झाले. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींवरून हटलेली ती नजर मग माणसांच्या वस्त्यांवर स्थिरावली. प्राणी आणि त्याचा परिसर वेगळे काढता येत नाहीत हा जीवशास्त्राचा धडा त्यांनी घराला लावला.

५/ १८८६ मध्ये अॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर लवकरच हे सुस्थितीतले जोडपे एडिनबरोच्या जुन्या शहरात, जेम्स कोर्ट नावाच्या मोडकळीस आलेल्या चौकात राहायला गेले. जुन्या शहराची प्रतिष्ठा तेव्हा पार उतरलेली होती. सधन मंडळी नव्या शहरात निघून गेली होती आणि उंच दगडी इमारतींच्या एकेका खोलीत गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. गेडिस दांपत्याने शेजाऱ्यांना सोबत घेऊन झाडलोट केली, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली, जेथे हवा कोंडत होती तेवढाच भाग मोकळा केला. बाकी सारे दुरुस्त करून राखले.

६/ या कामातून त्यांची पद्धत घडली. डॉक्टर आधी रोग्याची नाडी पाहतो, मग औषध ठरवतो. तसेच नगररचनाकाराने आधी पायी फिरावे, गल्लीबोळ मोजावेत, रहिवाशांना विचारावे आणि त्यानंतरच आराखड्याला हात घालावा. कापायचेच झाले तर सडलेला भाग तेवढा कापावा आणि जिवंत ऊतींना धक्का लावू नये. शस्त्रक्रियेचे हे रूपक जीवशास्त्रज्ञालाच सुचावे असे आहे. आज नगररचनेच्या वर्गांत ते शिकवले जाते. त्या काळच्या सरकारी अभियंत्यांना मात्र ते भाबडेपणाचे वाटे.

७/ अभियंत्यांपुढे दुसरे उदाहरण होते ते ग्लासगोचे. १८६६ च्या कायद्याने तेथे सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्त्या विकत घेऊन पाडणे हे त्याचे मुख्य काम. पाडले भराभर, बांधले सावकाश. घर गेलेली माणसे शेजारच्या वस्त्यांत कोंबली गेली. छोट्या घरांच्या दारांवर पत्र्याची पाटी ठोकलेली असे : आत जास्तीत जास्त किती माणसांनी झोपावे याचा आकडा तिच्यावर कोरलेला. मध्यरात्री निरीक्षक दार ठोठावून माणसे मोजत. घर द्यायचे नाही आणि गर्दी केली म्हणून गुन्हेगार मात्र ठरवायचे, असा तो न्याय होता.

८/ हाच नमुना मुंबईने उचलला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगने डोके वर काढले. घराघरांची झडती झाली, माणसांना ओढून छावण्यांत नेले गेले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ग्लासगोचा प्रयोग त्याच्या कर्त्यांपुढे होता. रुंद रस्ते आखले गेले; प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची फळे. ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या, हे खरे. पण उठवलेल्या माणसाला त्याच्या कामाच्या जागेजवळ, त्याला परवडेल अशा भाड्याने घर मिळाले का, हा प्रश्न ट्रस्टच्या सबंध कारकिर्दीला चिकटून राहिला.

९/ अशा वातावरणात १९१४ मध्ये गेडिस हिंदुस्थानात आले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांचे निमंत्रण होते. त्यांचे नगरविषयक प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते ते जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. खचून न जाता त्यांनी नवे प्रदर्शन जमवले आणि पुढील काही वर्षांत देशभरातील पन्नासच्या आसपास शहरांवर अहवाल लिहिले. तंजावरपासून लखनौपर्यंत त्यांचा एकच शिरस्ता : पहाटे उठून गल्ल्यांतून फिरणे आणि अभियंत्याने आखलेली सरळ रेघ किती घरांवरून जाते ते मोजून दाखवणे.

१०/ त्या मोजणीला राजकीय अर्थ होता. नकाशावरची सरळ रेघ तटस्थ दिसते. प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी चुलीवरून जाते. गेडिस दाखवून देत की जुनी विहीर उपसून, पडके घर तेवढे काढून, चार झाडे लावून आणि बोळाचे एखादे वळण सैल करून तेच काम कितीतरी कमी खर्चात होते. पाडकाम महाग असते, भरपाई महाग असते आणि विस्थापनाची किंमत तर कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. हा युक्तिवाद भावनिक नव्हता. त्याच्या मुळाशी हिशेब होता.

११/ मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावा असा प्रसंग होळकरांच्या इंदूरचा. प्लेगने त्रासलेल्या या शहरावर गेडिस यांनी १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्यांच्या शिष्यवर्गाने लिहून ठेवलेली हकीकत अशी : गेडिस यांनी एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि जाहीर केले की यंदा दिवाळीची मिरवणूक ज्या वस्त्या घरे झाडून-सारवून दुरुस्त करतील त्यांच्यातूनच जाईल. शहर कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अक्राळविक्राळ उंदीर निघाला आणि शेवटी त्यांचे दहन झाले.

१२/ त्याच मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून चालले, असेही ती हकीकत सांगते. गोष्ट सुंदर आहे. म्हणूनच ती जपून वाचायला हवी. एक तर ती भक्तांनी सांगितलेली आहे. दुसरे असे, की हार एका दिवसाचा होता आणि झाडू पिढ्यान्‌पिढ्यांचा. दुसऱ्या दिवशी तीच माणसे तेच काम करायला गेली असणार. गेडिस यांना सन्मानाचे मोल कळत होते. जातीची व्यवस्था मोडण्याचा कार्यक्रम मात्र त्यांच्या अहवालांत शोधून सापडत नाही. या मर्यादेकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

१३/ आता काही काळ स्कॉटलंडकडे वळू, कारण आरोपाचा मुख्य पुरावा तेथे आहे. १९११ च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडची जवळजवळ निम्मी लोकसंख्या एका किंवा दोन खोल्यांच्या घरांत राहत होती. ग्लासगोतील एका खोलीच्या बिऱ्हाडाला सिंगल एंड म्हणत. स्वयंपाक तेथेच, बाळंतपण तेथेच, आजारपण तेथेच आणि प्रेतही तेथेच ठेवायचे. गिरणगावातील कोणाही आजीला हे वर्णन अनोळखी वाटणार नाही.

१४/ १९१५ मध्ये युद्धाचा फायदा घेऊन ग्लासगोच्या घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर होते वा कारखान्यांत. बायका उठल्या. मेरी बार्बर यांच्यासारख्या स्त्रियांच्या नेतृत्वाखाली हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे नाकारले आणि जप्तीला आलेल्या अधिकाऱ्यांना जिन्यातच अडवले. त्याच वर्षाअखेर ब्रिटिश संसदेला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. मुंबईला भाडेनियंत्रणाचा कायदा मिळाला तो १९१८ मध्ये. साम्राज्य एकच, पण दरवाजा आधी कोणी ठोठावला हे ध्यानात ठेवा.

१५/ १९१७ मध्ये स्कॉटलंडच्या घरांविषयी नेमलेल्या शाही आयोगाचा, म्हणजे बॅलंटाइन आयोगाचा, अहवाल आला. त्याने एका खोलीच्या घराची निर्भर्त्सना केली. खासगी मालक हा प्रश्न सोडवू शकत नाहीत, घरबांधणी ही शासनाची जबाबदारी मानली पाहिजे आणि पुढची घरे किमान तीन खोल्यांची हवीत, अशी त्याची दिशा होती. म्हणजे १९१७ मध्ये ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या टेबलावर छापील स्वरूपात पोहोचले होते की कुटुंबाला एक खोली देणे म्हणजे त्याला घर देणे नव्हे.

१६/ अहवाल धूळ खात पडला नाही. १९१९ मध्ये कायदा झाला आणि नगरपालिकांना सरकारी अनुदान मिळू लागले. डंडी शहराचे वास्तुविशारद व अभियंते जेम्स थॉमसन यांनी लोगी येथे वसाहत उभी केली. त्या कायद्याखालची ही स्कॉटलंडमधील अगदी पहिली वसाहत. १९२० मध्ये ती आकाराला आली. घरांना बागा होत्या आणि एका मध्यवर्ती केंद्रातून घरोघर गरम पाणी पोहोचवण्याची सोय होती. ग्लासगोत मॉसपार्कसारखी बागांची वसाहत याच सुमारास बांधली गेली. भाडी चढी असल्याने अगदी गरिबांना ती लगेच मिळाली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. पण मोजमाप बदलले होते.

१७/ डंडी हे तागाचे शहर. तेथील गिरण्यांत बंगालचा ताग विणला जाई. याच डंडीच्या महाविद्यालयात गेडिस १८८८ पासून १९१९ पर्यंत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथून ते मुंबईत आले आणि विद्यापीठाच्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्राच्या नव्या विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. म्हणजे ज्या शहरात स्कॉटलंडच्या नव्या गृहनिर्माणाची पहिली वीट बसली, त्या शहराचा आणि एडिनबरोच्या जुन्या वस्त्यांचा अनुभव घेऊन आलेला माणूस १९१९ मध्ये सरकारच्या दाराशी बसलेला होता.

१८/ आणि सरकारने काय केले? १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची घोषणा झाली. शब्द नीट पाहा : घरे नव्हे, खोल्या. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. त्या गाठींत खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाड्याचाही कापूस होता. ज्या काळ्या मातीने मुंबईच्या गिरण्या पोसल्या, तिच्याच पिकावर या चाळींचा खर्च पडला.

१९/ प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधून लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना दारे, संडास सामायिक. खोली १६० चौरस फुटांची. काँक्रीट भक्कम होते यात शंका नाही. पण काँक्रीटने बांधली ती तीच सिंगल एंड, जिला स्कॉटलंडमध्ये तीनच वर्षांपूर्वी शाही आयोगाने अपात्र ठरवले होते.

२०/ दोन आराखडे शेजारी ठेवा. वर्ष तेच, राजमुकुट तोच, अभियंत्यांचे शिक्षणही बहुधा त्याच परंपरेतले. डंडीच्या कामगाराला खोल्या, बाग आणि गरम पाणी. मुंबईच्या कामगाराला १६० चौरस फूट आणि बोळातला अंधार. मुंबई सरकारच्याच कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये केलेल्या पाहणीत कामगारांची ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे दिसले. रोग माहीत होता, औषध माहीत होते. तरी नव्या इमारतींत रोगच काँक्रीटमध्ये ओतून कायम करण्यात आला.

२१/ गेडिस यांची म्हणून एक टीका अभ्यासक वारंवार उद्धृत करतात : मुंबईच्या चाळींना त्यांनी माणसे साठवण्याच्या गोदामांची उपमा दिली होती. विभागात त्यांनी शिष्य घडवले, जी. एस. घुर्ये त्यांच्याच प्रेरणेने समाजशास्त्राकडे वळले आणि पुढे त्या खुर्चीवर बसले. परंतु मुंबईच्या आराखड्यावर गेडिस यांचा ठसा उमटला नाही. १९२४ मध्ये ते मुंबई सोडून फ्रान्समधील माँपेलियेला गेले. त्याच वर्षी डिसेंबरात विटेट यांच्या गेटवेचे उद्घाटन झाले. एका स्कॉटची कमान उघडली; दुसऱ्या स्कॉटचा वर्ग सुटला.

२२/ आता आक्षेपांकडे येऊ. पहिला : सरकारकडे पैसा नव्हता. मग याच खात्याने बॅकबेचा समुद्र हटवण्यावर पैसा ओतला तो कोठून आला? त्या योजनेतील उधळपट्टी आणि गैरव्यवहार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर मांडले. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. समुद्र भरून श्रीमंतांसाठी जमीन काढायला पैसा होता. कामगाराच्या दुसऱ्या खोलीसाठी नव्हता. टंचाई होती, पण ती कोणाच्या बाजूने वाटायची हे कोणीतरी ठरवले होते.

२३/ दुसरा आक्षेप : कामगार बहुतेक एकटे पुरुष होते, त्यांना एक खोली पुरेशी. तेव्हाच्या मुंबईत पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांची संख्या निम्म्याच्या आसपास होती हे खरे. पण कारण आणि परिणाम यांची येथे अदलाबदल होते. रत्नागिरी-साताऱ्याचा गडी बायकोला गावी ठेवत होता, कारण तिला आणायला घर नव्हते. गाळ्यात आठ-दहा जण पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि शिमग्याला गावी जात. घर न देऊन माणसाला एकटे ठेवायचे आणि तो एकटा आहे म्हणून घर द्यायचे नाही, हे तर्कशास्त्र सोयीचे होते.

२४/ तिसरा आक्षेप : या लोकांना अशाच राहणीची सवय होती. तसे असते तर वरळीच्या चाळी भरभरून वाहिल्या असत्या. घडले उलटे. बांधून झाल्यावर कित्येक वर्षे तेथील खोल्या मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. गिरणी लांब, बाजार लांब, भाडे जड, परिसर ओसाड. ज्यांच्यासाठी बांधले त्यांनाच विचारले नव्हते. गेडिस यांच्या पद्धतीतील पहिली पायरी, म्हणजे आधी पाहणी, गाळली की काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

२५/ चौथा आक्षेप हळवा आहे : चाळींनी मोठी माणसे दिली, शेजारधर्म दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले. पण त्यांच्या विद्वत्तेचे श्रेय त्या चाळीला देणे म्हणजे दुष्काळात तगलेल्या माणसाबद्दल दुष्काळाचे आभार मानणे. शेजारधर्म रहिवाशांनी घडवला : बोळात पाळणे बांधून, गच्चीवर व्यायामशाळा आणि मंडळे चालवून, एकमेकांची मुले सांभाळून. आराखड्याने जे दिले नाही ते माणसांनी कमावले. त्याचे श्रेय लॉइडसाहेबांच्या खात्यावर जमा करू नका.

२६/ आणि गेडिस? त्यांना संत करण्याची गरज नाही. ते गव्हर्नरांच्या व संस्थानिकांच्या निमंत्रणावर आले आणि साम्राज्याच्या चौकटीतच राहिले. जुने विणकाम राखा म्हणताना त्या विणकामात जातीचा धागा आहे, याला त्यांनी पुरेसा हात घातला नाही. जुनी वस्ती जशीच्या तशी राखली तर वेशीबाहेरचा वाडाही वेशीबाहेरच राहतो. गावाविषयीच्या अशा हळवेपणावर आंबेडकरांनी १९४८ मध्ये संविधान सभेत कठोर प्रहार केला, तो यासाठीच. म्हणून गेडिस यांच्याकडून घ्यायचे ते जुन्याचे प्रेम नव्हे. राहणाऱ्याला आधी विचारण्याची सक्ती तेवढी घ्यायची.

२७/ हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईपुरता वाटत असेल, तर तो आमच्या मुरूमच्या परिसरात येऊन पाहावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा आणि उमरगा तालुक्यांतली दगड-मातीची घरे माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. घराचे माप जमिनीवरून ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४५०, मोठ्याला ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका पातळीवर आणले होते. आराखड्याने पुन्हा पायऱ्या बांधल्या.

२८/ गाव हलवण्याची मागणी भेदरलेल्या लोकांचीही होती, हे विसरून चालणार नाही. मृतांच्या ढिगाऱ्यावर पुन्हा चूल मांडा, असे दुरून सांगणे निष्ठुरपणाचे ठरले असते. पण सरळ रेषांच्या नव्या गावठाणात गल्ली गेली, पार गेला, गोठ्याला जागा राहिली नाही आणि शेत लांब पडले. त्याच पुनर्वसनाचा दुसरा, कमी गाजलेला भाग होता दुरुस्ती व बळकटीकरणाचा. लाखाहून अधिक घरे जागच्या जागी सावरली गेली : माळवदावरचा मातीचा भार हलका करून, भिंतीच्या दोन्ही अंगांना जखडणारे आरपार दगड बसवून.

२९/ त्या कामात मदत थेट घरमालकाच्या हाती होती आणि देखरेखीत गावच्या बायका होत्या. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने शेकडो गावांत त्या संवाद साहाय्यक झाल्या. गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. यांतल्या कितीजणींनी गेडिस हे नाव ऐकले असेल? बहुधा एकीनेही नाही. तरी जेम्स कोर्टमधली पद्धत मराठवाड्याच्या मातीत उतरली ती त्यांच्या हातून. चांगली कल्पना कोणा एका साहेबाची मिरास नसते, हे ध्यानात आले म्हणजे आपला इतिहास साहेबांच्या यादीतून सुटतो.

३०/ आज बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार, याचे स्वागत झालेच पाहिजे. शंभर वर्षांची थकबाकी आहे ती. पण चौरस फूट वाढले की प्रश्न संपला असे मानणे म्हणजे लॉइडसाहेबांचेच गणित मोठ्या आकड्यांनी मांडणे. उंच मनोऱ्याचा देखभाल खर्च कोण भागवणार? पाळणे बांधायचा तो बोळ आता कोठे असेल? वरळीच्या रिकाम्या खोल्यांनी जे शिकवले ते कोणी लिहून ठेवले आहे का?

३१/ तेव्हा पुढच्या वेळी इंग्रजांच्या भक्कम बांधकामाचे छायाचित्र समोर आले, तर फक्त तीन गोष्टी विचारा. हे कोणासाठी बांधले? त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या माणसांसाठी काय बांधले? आणि ज्यांना तेथे राहायचे होते त्यांना कोणी विचारले होते का? बीडीडी चाळींच्या बाबतीत उत्तरे अनुक्रमे अशी : मुंबईच्या कामगारासाठी, किमान तीन खोल्या आणि बाग, नाही. ही तीन उत्तरे नाकारणारा पुरावा कोणापाशी असेल तर खाली जरूर मांडा. भिंतीच्या जाडीचे दाखले मात्र नकोत. ती जाड होती, हे मान्यच आहे.

थ्रेड समाप्त.